घरी कयाक बांधताना मटेरिअलची ताकद कशी ओळखायची?

१८७४ साली नॅथॅनिएल बिशप नावाचा एक अमेरिकन माणूस कॅनडातल्या क्वेबेकहून होडीने निघाला आणि पुढच्या वर्षी फ्लोरिडात, मेक्सिकोच्या आखातावर जाऊन पोहोचला. एकूण प्रवास सुमारे २५०० मैलांचा. निघताना त्याच्याकडे लाकडी होडी होती. ती जड पडते म्हणून न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय शहरात त्याने ती सोडून दिली आणि दुसरी घेतली. ही दुसरी होडी कागदाची होती.

यात अतिशयोक्ती काही नाही. ट्रॉयमध्ये एलायशा वॉटर्स यांचा कागदी होड्यांचा कारखानाच होता. साच्यावर कागद चिकटवायचा, वाळवायचा आणि पाणी आत शिरू नये म्हणून वर लेप चढवायचा, अशी त्यांची पद्धत. बिशपची होडी १४ फूट लांब होती, वजन ५८ पौंड, म्हणजे २६ किलोच्या आसपास. तिच्या अंगाची जाडी होती जेमतेम इंचाचा आठवा भाग, सुमारे ३ मिलिमीटर.

मग कागद मजबूत असतो का? या प्रश्नाला उत्तरच नाही. कोणता कागद, किती जाड, कोणत्या आकारात वाकवलेला, आतून कशाचा आधार दिलेला, कोरडा की भिजलेला, हे कळल्याशिवाय ‘मजबूत’ हा शब्द पोकळ आहे. आज पीव्हीसी पाइप आणि ताडपत्रीचा, बांबूचा किंवा प्लायवूडचा कयाक घराच्या अंगणात बांधणाऱ्यांचे व्हिडिओ सगळीकडे दिसतात. ते बघून हौसेने कामाला लागणारा माणूस दुकानात जाऊन पहिला प्रश्न विचारतो तो हाच: ‘हे मजबूत आहे ना?’ दुकानदार ‘हो’ म्हणतो. त्यालाही दुसरं काही म्हणता येत नाही, कारण हे मटेरिअल कुठे आणि किती भार झेलणार आहे हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

पाणी मोडत नाही, टाच मोडते

आधी पाण्याचा जोर किती असतो ते बघू. समजा वल्हवणाऱ्याचं वजन ७५ किलो, कयाकचं २० आणि सामानाचं ५, असे मिळून १०० किलो. आर्किमिडीजच्या नियमाप्रमाणे हा कयाक १०० लिटर पाणी बाजूला सारेल आणि तरंगेल. चार मीटर लांब, ६० सेंटिमीटर रुंद, दोन्ही टोकांना निमुळता असा कयाक त्यासाठी साधारण १० सेंटिमीटर पाण्यात बुडतो.

दहा सेंटिमीटर खोलीवर पाण्याचा दाब असतो दर चौरस सेंटिमीटरला १० ग्रॅम. म्हणजे १० बाय १० सेंटिमीटरच्या, तळहाताएवढ्या तुकड्यावर फक्त १ किलो. हा भार कागदसुद्धा पेलतो. बिशपच्या होडीचं अर्धं रहस्य इथेच आहे.

आता तोच माणूस काठावरून कयाकमध्ये पाऊल टाकतो. ७५ किलोचा सगळा भार क्षणभर एका टाचेवर येतो. टाच पाच बाय पाच सेंटिमीटर धरली, तरी दर चौरस सेंटिमीटरला ३ किलो भार होतो. पाण्याच्या दाबाच्या ३०० पट. कयाक खडकावर घासला, तर हाच भार नखाएवढ्या जागेवर येतो.

दुसरा धोका त्याहून फसवा असतो. कयाक शांत पाण्यात तरंगत असताना पाणी त्याला खालून जवळजवळ सगळ्या लांबीभर उचलून धरतं. पण उतरताना पुढचं टोक एका दगडावर, मागचं दुसऱ्या दगडावर आणि मधे माणूस बसलेला, अशी अवस्था झाली की कयाकचा पूल होतो. या अवस्थेत मधल्या भागावर येणारा वाकवणारा जोर तरंगतानाच्या जोराच्या दुपटीहून जास्त असतो. घरगुती कयाकची खरी परीक्षा काठावर चढता-उतरताना होते ती यामुळे. म्हणून मटेरिअलची ताकद बघताना तीन जागा डोळ्यांसमोर हव्यात: टाच आणि बूड टेकतात तो तळाचा भाग, मध्यावरच्या लांब पट्ट्या किंवा काठ आणि जिथे दोन तुकडे जोडले जातात ते सांधे. बाकीच्या अंगाला फारसं काही होत नाही.

जाडीचं गणित

मटेरिअल निवडताना बहुतेकांचं लक्ष नावाकडे असतं: सागवान की पाइन, अॅल्युमिनियम की प्लास्टिक. जाडी आणि आकार यांचा परिणाम अनेकदा नावापेक्षा मोठा असतो.

सपाट पट्टीचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, तर वाकून मोडण्याआधी ती किती भार सोसते ते जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात. ४ मिमीऐवजी ६ मिमीचं प्लायवूड घेतलं, तर जाडी दीडपट होते, ताकद सव्वादोन पट आणि ताठपणा जवळजवळ साडेतीन पट. वजन मात्र दीडपटच. हे वाचून कुणीही ६ मिमीकडे धावेल, पण ६ मिमीचं प्लाय कयाकच्या टोकाशी लागणाऱ्या वळणात वाकायला नको म्हणतं, आणि तयार झालेला कयाक गाडीच्या टपावर चढवताना दोन माणसं लागतात. शिवाय ताठपणा मिळवण्याचा याहून स्वस्त मार्ग आहे. तो म्हणजे आकार.

वहीचा कागद एका टोकाला धरला तर लोंबतो. त्यालाच मधोमध किंचित पन्हळ दिली की ताठ उभा राहतो. कागद तोच, जाडी तीच. कयाकची वळणदार कूस हेच काम करते. हौशी बांधकामात सपाट, रुंद तळ सर्वांत आधी लवचिक होऊन ‘धपधप’ करू लागतो ते याच कारणाने. त्यावर उपाय जाड प्लाय हाच एक नसतो. तळाला थोडी व्ही आकाराची घडी द्यावी किंवा आतून एक उभी पट्टी चिकटवावी.

‘उभी’ हा शब्द महत्त्वाचा आहे. २० बाय ४० मिमीची लाकडी पट्टी आडवी ठेवली तर जेवढी ताठ, त्याच्या चौपट ताठ ती उभी ठेवल्यावर होते. आधारांमधलं अंतर तर याहून प्रभावी ठरतं. लांब पट्टीचं दोन फासळ्यांमधलं अंतर निम्मं केलं, की तेवढ्याच भाराखाली ती आठव्या हिश्श्याने झुकते. पीव्हीसी पाइपचा सांगाडा डगमगतो तेव्हा पाइप बदलण्याआधी एक-दोन फासळ्या वाढवून बघाव्यात.

दोन खुर्च्या आणि एक बादली

प्रयोगशाळेत लाकूड, धातू वाकवून मोडणारं यंत्र असतं. घरी त्याचं काम दोन खुर्च्या, एक बादली आणि फूटपट्टी यांच्यावर भागतं. दोन खुर्च्यांच्या पाठी एकमेकींपासून बरोबर १ मीटर अंतरावर ठेवाव्यात, पट्टी किंवा पाइप त्यांवर आडवा टाकावा आणि मधोमध बादली टांगावी. १ लिटर पाणी म्हणजे १ किलो. बादलीचं वजन धरून १० किलो भार झाला की मध्य किती खाली गेला ते मोजावं.

या चाचणीत काय दिसायला हवं, ते गणिताने आधीच सांगता येतं. २० बाय ४० मिमीची चांगली, कोरडी पाइनची पट्टी आडवी ठेवल्यावर साधारण ८ मिमी झुकते, उभी ठेवल्यावर २ मिमी. २५ मिमी व्यासाचा आणि दीड मिमी जाड भिंतीचा अॅल्युमिनियमचा पाइप सुमारे ४ मिमी झुकतो. ३० मिमीचा, ६ मिमी जाड भिंतीचा पक्का बांबूही जवळपास तेवढाच. आणि बाहेरून ३३ मिमी, भिंत अडीच मिमी असलेला पीव्हीसी पाइप? तो २४ मिमी, म्हणजे जवळजवळ एक इंच खाली जातो. पीव्हीसी ‘कमजोर’ आहे असा याचा अर्थ नाही, तो सहजासहजी मोडणारही नाही. पण तो लवचिक आहे, आणि लवचिक सांगाड्यावर ताणलेलं कापड सुरकुततं, कयाकचा आकार बदलतो आणि वल्हं मारताना जोर पुढे जाण्याऐवजी सांगाडा पिळण्यात खर्च होतो.

बादली लगेच काढू नये. ती रात्रभर तशीच राहू द्यावी. सकाळी भार उतरवल्यावर लाकडाची पट्टी आणि अॅल्युमिनियम जवळपास सरळ होतात. पीव्हीसीत थोडा बाक राहून जातो, कारण प्लास्टिक सततच्या भाराखाली हळूहळू सरकत जातं. मे महिन्यातल्या उन्हात गाडीवर बांधून ठेवलेल्या पीव्हीसीच्या कयाकला जो कायमचा पोक येतो, त्याचं कारण हेच. उष्णतेने सरकणं आणखी वाढतं.

लाकडाच्या बाबतीत चाचणीआधी डोळ्यांनी निवड करावी लागते. पट्टीच्या कडेला आलेली गाठ ही मोडण्याची ठरलेली जागा असते. मधोमध असलेली छोटी गाठ त्यामानाने चालते. लाकडाचे तंतू पट्टीच्या लांबीला समांतर हवेत. १० इंचांत ते १ इंचाहून जास्त तिरके सरकत असतील, तर ती पट्टी सांगाड्यात न घालता वल्ह्याच्या स्टँडसाठी वापरावी. भिजलेलं लाकूड कोरड्यापेक्षा दुबळं असतं, म्हणून एक नमुना दोन दिवस पाण्यात ठेवून पुन्हा खुर्च्यांवर टाकून बघणं फायद्याचं. आणि एक तरी नमुना मोडेपर्यंत भार वाढवून बघावा. चांगलं लाकूड मोडण्याआधी करकरतं आणि लांब, झाडूसारख्या चिरफाळ्या होऊन तुटतं. खडूसारखं सपाट, एका झटक्यात तुटलं तर ते लाकूड कुजकं किंवा ठिसूळ आहे, दिसायला कितीही छान असलं तरी.

बांबूचं बळ लांबीच्या दिशेत प्रचंड आणि आडव्या दिशेत अगदी कमी असतं. त्यात खिळा ठोकला की तो उभा फाटतो. कोवळ्या बांबूपेक्षा तीन-चार वर्षांचा पक्व बांबू घ्यावा, तो बांधून घ्यावा, खिळे मारू नयेत. कोकणात कुंपण घालणाऱ्या कुणालाही हे वेगळं सांगावं लागत नाही.

‘वॉटरप्रूफ’ प्लायवूडची उकळून परीक्षा

कयाकसाठी प्लायवूड घेताना दुकानात कानावर पडणारा ‘वॉटरप्रूफ’ हा शब्द बाजूला ठेवून शीटवरचा शिक्का वाचावा. भारतीय मानकांनुसार मरीन प्लायवूडसाठी आयएस ७१० हा क्रमांक आहे. सर्वसाधारण वापराच्या प्लायवूडसाठी आयएस ३०३ असून त्यात एमआर आणि बीडब्ल्यूआर असे दोन दर्जे येतात. एमआर म्हणजे फक्त दमट हवा सोसणारं. ज्याला बाजारात ‘कमर्शिअल’ म्हणतात ते बहुधा हेच. कयाकला ते उपयोगाचं नाही. बीडब्ल्यूआर मधल्या पायरीचं. आयएस ७१० च्या प्लायचा सांधणारा डिंक ७२ तास उकळत्या पाण्यात टिकावा लागतो.

शिक्क्यावर विश्वास नसेल, आणि नसावाच, तर १५ सेंटिमीटरचा चौकोनी तुकडा कापून जुन्या पातेल्यात तीन-चार तास उकळावा, वाळवावा, पुन्हा उकळावा. मग कडेला थरांमधे ब्लेड घालून बघावं. थर सुटे झाले किंवा फुगून लाटा आल्या, तर ते शीट परत करावं. हे पातेलं मग स्वयंपाकघरात परत जाता कामा नये. प्लायच्या डिंकात फॉर्मल्डिहाइड असतं.

उकळण्याने डिंक कळतो, पण आतलं लाकूड कळत नाही. त्यासाठी कापलेली कड बघावी. थरांमधे पोकळ्या दिसतात का, मधला थर दोन तुकडे जोडून फट सोडलेला आहे का? कपाटाच्या पाटीत अशी फट लपून जाते. कयाकच्या वळणात मात्र प्लाय नेमकं त्या फटीवर कोन करून मोडतं. मग व्हर्निअर कॅलिपर लावावा, कारण ४ मिमी म्हणून दिलेलं शीट प्रत्यक्षात कमी भरलं, तर घनाचा नियम उलट्या बाजूने काम करतो. ४ ऐवजी साडेतीन मिमी निघालं की ताठपणा एक तृतीयांशाने गेला.

पातळ, तीन थरांच्या प्लायमधे आणखी एक गंमत असते. वरचे दोन्ही थर अगदी कागदासारखे पातळ आणि मधला जाड, अशी रचना असेल, तर दिसणाऱ्या रेषा लांबीला असूनही खरी ताकद आडवी असते. एकाच शीटमधून ३० बाय १० सेंटिमीटरचे दोन तुकडे, एक उभा आणि एक आडवा, कापून हाताने वाकवले की फरक लगेच जाणवतो.

वजनही शीटनुसार बदलतं. ओकुमेसारख्या हलक्या लाकडाचं ४ मिमीचं आठ बाय चार फुटी शीट साडेपाच-सहा किलोचं असतं. आपल्याकडे मिळणारं गर्जनसारख्या जड लाकडाचं शीट आठ किलोंच्या पुढे जातं. जड प्लाय जास्त ताकदीचं असतं हे खरं, पण कयाकला लागणाऱ्या तीन शीटमधे सात-आठ किलोंचा फरक पडतो, आणि तो दर वेळी खांद्यावर येतो.

पातळ प्लाय वापरून हलकी होडी बांधण्याची युक्ती ब्रिटनमध्ये १९६३ साली मिरर डिंगी या छोट्या शिडाच्या होडीने घराघरांत नेली. ‘डेली मिरर’ वृत्तपत्राच्या पाठिंब्याने जॅक होल्ट आणि बॅरी बकनेल यांनी ती आखली. प्लायचे कापलेले तुकडे तांब्याच्या तारेने कडेला शिवायचे, आतून सांध्यावर फायबर ग्लासची पट्टी आणि रेझिन लावायचं, इतकंच काम. अशा ७० हजारांहून अधिक होड्या बांधल्या गेल्या. आजचे बहुतेक घरगुती प्लायवूड कयाक याच पद्धतीने होतात.

या पद्धतीत फायबर ग्लासचं कापड फक्त बाहेरून लावून थांबण्याचा मोह होतो, कारण बाहेरची बाजू दिसते. बाहेरचा थर घासण्यापासून वाचवतो हे बरोबर. पण खडक बाहेरून आपटला की प्लाय आत वाकतं आणि ताण येतो तो आतल्या पृष्ठभागावर. तिथे कापड नसेल तर चीर आतून सुरू होते. किमान टाचा आणि सीट येतात तेवढ्या तळाला तरी आतून, दर चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाचं विणलेलं कापड लावायला हवं. खात्री करायची असेल तर प्लायचे तीन तुकडे करावेत: एक कोरा, एक बाहेरून कापड लावलेला, एक दोन्हीकडून. त्यांवर सारख्याच उंचीवरून एकच दगड टाकून बघावा.

सांधा आधी सुटतो

सांगाडा आणि पत्रा दोन्ही उत्तम असूनही कयाक निकामी होतो तो सांध्याने. सांधा तपासण्याची जुनी पद्धत सोपी आहे. दोन तुकडे काटकोनात, प्रत्यक्ष कयाकमध्ये जोडणार तसेच जोडावेत, आठवडाभर राहू द्यावेत आणि मग पायाखाली घेऊन मोडावेत. तुटताना लाकूड फाटलं तर सांधा पास. लाकूड शाबूत राहून डिंक चकाकत वेगळा झाला तर नापास. नापास होण्याची कारणं ठरलेली असतात: पृष्ठभाग घासलेला नाही, हात लागून तेलकट झाला, किंवा लाकूडच तेलकट. सागवान यात कुप्रसिद्ध आहे. तेल त्याला पाण्यात टिकवतं आणि तेच इपॉक्सीला धरू देत नाही. चिकटवण्याआधी ताजं घासून अॅसिटोनने पुसावं लागतं.

रेझिनमधेही निवड आहे. गावोगावी फायबरच्या दरवाजांना वापरलं जाणारं पॉलिएस्टर रेझिन स्वस्त असतं, पण लाकडावर त्याची पकड इपॉक्सीएवढी नसते, आणि ओल लागली की ते सोलून येतं. इपॉक्सी महाग पडतं. कयाकच्या एकूण खर्चात पैसे जास्त घालण्यासारखी एकच जागा निवडायची झाली, तर ती ही. त्याचा हार्डनर मात्र तोलून, सांगितलेल्या प्रमाणातच घालावा लागतो. ‘थोडा जास्त घातला की लवकर वाळेल’ हे पॉलिएस्टरवर काम केलेल्या कारागिराचं अनुमान इपॉक्सीला लागू नाही. जास्तीचा हार्डनर तसाच अडकून राहतो आणि सांधा कायमचा मऊ पडतो.

प्रत्येक सांधा घट्टच हवा असंही नाही. ग्रीनलंडच्या इनुइट लोकांनी वाहत आलेल्या लाकडाचा सांगाडा प्राण्यांच्या स्नायुतंतूंनी बांधला आणि वरून सीलचं कातडं ताणलं. लाट आली की बांधलेला सांधा किंचित सरकतो, जोर पुढच्या सांध्याकडे देतो आणि परत येतो. खिळ्याने आवळलेल्या सांध्यात तोच जोर खिळ्याच्या भोकापाशी साचतो. आपल्या किनाऱ्यावरही हे ज्ञान होतं. अजिंठ्याच्या चित्रातल्या जहाजावरून बेतलेलं, नारळाच्या काथ्याने फळ्या शिवलेलं ‘आयएनएसव्ही कौंडिन्य’ हे जहाज गोव्यात बांधलं गेलं आणि मे २०२५ मध्ये कारवारला भारतीय नौदलात दाखल झालं. बांबूच्या किंवा लाकडी पट्ट्यांच्या सांगाड्याला स्क्रूऐवजी पॉलिएस्टरची दोरी आवळून बांधणं हा मागासलेला मार्ग नाही.

कापड ताणलेला कयाक

सांगाड्यावर कापड ताणलेला कयाक बघून खेळणं वाटतं. पण जर्मन डॉक्टर हान्नेस लिंडेमान १९५६ साली अशाच, लाकडी सांगाड्याच्या आणि रबर चढवलेल्या कापडाच्या घडीच्या कयाकमधून ७२ दिवसांत अटलांटिक महासागर ओलांडून गेले.

घरी कापड निवडताना नायलॉन आणि पॉलिएस्टर यांतला फरक माहीत हवा. नायलॉन चिवट असतं, धारदार दगडाला पटकन हार मानत नाही, पण भिजलं की सैल पडतं. पॉलिएस्टर पाण्यात ताण सोडत नाही. ट्रकवर घालतात त्या जाड पीव्हीसी ताडपत्रीच्या आत पॉलिएस्टरचं विणकाम असतं आणि भार तेच पेलतं. वरचं प्लास्टिक फक्त पाणी अडवतं. म्हणून ताडपत्रीची एक कड कापून आतले धागे किती दाट आहेत ते बघावं. पावसाळ्यात घरावर टाकतात ती पातळ निळी ताडपत्री कयाकसाठी घेऊच नये. ऊन खाल्ल्यावर ती चुरचुरू लागते आणि दुमडलेल्या रेषेवर फाटते.

चाचणीसाठी जुन्या फोटो फ्रेमसारखी चौकट पुरते. कापड तिच्यावर ताणून पाण्यात भिजवावं, मग बोथट स्क्रूड्रायव्हर टेकवून त्यावर हळूहळू जोर द्यावा. कापड भोसकलं जाईल का, एवढाच प्रश्न नसतो. एक छोटं भोक मुद्दाम पाडावं आणि बोटांनी ते वाढवून बघावं. एका जागी थांबणारं भोक चिकटपट्टीने मिटतं. सरसर फाटत जाणारं भोक माणसाला पाण्यात सोडतं.

पूर्ण कयाकची परीक्षा

सगळे तुकडे पास झाले तरी एकत्र बांधलेली वस्तू वेगळी असते. माणूस बसवण्याआधी तिच्यात वाळूची पोती बसवावीत. पहिली चाचणी जमिनीवर: दोन्ही टोकांखाली जुने टायर ठेवून कयाकचा पूल करावा. टोकापासून टोकापर्यंत गवंड्यासारखं सूत ताणावं आणि सीटच्या जागी २०-२० किलोंची पोती एकेक करून ठेवावीत. प्रत्येक पोत्यानंतर सुतापासून मध्य किती खाली गेला ते लिहावं. आकडे सारख्या पावलांनी वाढत असतील तर ठीक. एखाद्या पोत्याला अचानक दुप्पट झुकला, किंवा भार काढल्यावर मध्य परत वर आला नाही, तर आत काहीतरी सुटलं आहे. वल्हवणाऱ्याच्या वजनाइतका भार इथे सहज पेलला गेला पाहिजे.

दुसरी चाचणी गुडघाभर पाण्यात, दुप्पट भाराने, तासभर. दुप्पट एवढ्यासाठी की उडी मारून बसणारा माणूस, आदळणारी लाट, पुढच्या वर्षी जरा जुनं झालेलं लाकूड, हे सगळं त्या जास्तीच्या भारात धरलेलं असतं.

तिसरी चाचणी बहुतेक जण टाळतात: कयाक मुद्दाम पाण्याने भरायचा. हौसेच्या बांधकामात माणसाचा जीव जातो तो कयाक मोडल्याने नव्हे, मोडल्यावर तो बुडाल्याने. लाकडी कयाक भरला तरी तरंगत राहतो, पण बसण्याजोगा राहत नाही. अॅल्युमिनियमचा सांगाडा आणि कापड असेल तर तो तळाशी जातो. दोन्ही टोकांत दोन लिटरच्या झाकण घट्ट लावलेल्या पंधरा-पंधरा रिकाम्या बाटल्या जाळीत बांधून कोंबल्या, तर सुमारे ६० किलो उचलणारी हवा कायम आत राहते. ती दोन्ही टोकांत सारखी हवी, नाहीतर भरलेला कयाक एका टोकावर उभा राहतो. लाइफ जॅकेट याव्यतिरिक्त, आणि तेही अंगात, सीटखाली नव्हे. जलाशयात कयाक घालण्याआधी तिथे परवानगी लागते का, याची चौकशीही आधीच झालेली बरी.

भरलेला कयाक काठावर ओढताना एक चूक हमखास होते. आत २०० लिटर पाणी असेल तर ते २०० किलो झालं. तसाच एका टोकाने उचलला, तर पाण्यात न मोडलेला कयाक उचलताना मधोमध मोडतो. आधी उलटा करून पाणी काढायचं, मग उचलायचा.

पाण्यातून परत आल्यावर तळ पुसून वाळू द्यावा आणि नाण्याने टकटक करत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जावं. जिथे थर घट्ट आहेत तिथे टणक, स्वच्छ आवाज येतो. जिथे ते सुटले आहेत तिथे तो मठ्ठ येतो. फायबरवर उठलेले पांढुरके चट्टे, प्लायच्या कडेला काळी पडलेली ओल, दोरीच्या गाठीशी लाकडात पडलेला खळगा, या सगळ्यांभोवती पेन्सिलने गोल काढून तारीख घालावी. पुढच्या फेरीनंतर चट्टा त्या गोलाबाहेर गेलेला दिसला, तर तो तुकडा कापून नवा बसवायची वेळ झालेली असते.